पहिल्या नंबरची कुंडी

खाली भोक नसेल तर ती कुंडी नव्हे, वाडगा. हे वाक्य माझं नाही. आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या सक्शनबाईचं आहे, आणि ते तिनं मला माझ्याच स्वयंपाकघरात, माझाच चहाचा मग उलटा धरून ऐकवलं. मी एकतीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं आहे. मला सहसा कुणी ऐकवत नाही. तिचं ऐकून घेतलं, कारण तोवर माझ्या घरात अकरा झाडं मेली होती आणि ती सगळी मीच मारली होती. प्रेमानं, रोज पाणी घालून.

सक्शनबाई हे नाव इमारतीनं ठेवलेलं. दातांच्या दवाखान्यात तिनं छत्तीस वर्षं मदतनिसाचं काम केलं. डॉक्टर ड्रिल चालवतात तेव्हा दात तापतो, म्हणून एका हातानं ड्रिलच्या टोकावर पाण्याची धार धरायची आणि दुसऱ्या हातानं पेशंटच्या तोंडातलं पाणी नळीनं ओढून घ्यायचं. ती नळी म्हणजे सक्शन. तिचे दोन्ही हात छत्तीस वर्षं गुंतलेले राहिले आणि ड्रिल कायम डॉक्टरांच्या हातात राहिलं.

कामाला लागली तेव्हा ती तेवीस वर्षांची होती. पदरात दोन वर्षांचा मुलगा. नवरा ट्रक घेऊन गेला तो परत आला नाही; ट्रक आला. यावर ती याहून जास्त कधी बोलली नाही आणि मीही विचारलं नाही. मुलगा शिकला, दूर नोकरीला लागला, दर रविवारी फोन करतो. एवढं झालं म्हणजे आयुष्याचं काम उरकलं, असं लोक समजतात. तिनं तसं समजायला साफ नकार दिला, म्हणून तर हे लिहिते आहे.

नोकरीला दहाएक वर्षं झाल्यावर तिनं डॉक्टरांना एकदा विचारलं होतं, "प्लास्टरच्या दातांवर मला एकदा ड्रिल चालवून बघू द्याल का?" डॉक्टर हसले. माणूस वाईट नाही, पण हसले. म्हणाले, "बाई, ड्रिल काय कोणीही धरेल. पाणी तुमच्यासारखं कोणी सोडत नाही." हे कौतुक होतं की नकार, ते आपल्याला अजून कळलेलं नाही, असं ती म्हणते. मला ऐकताक्षणी कळलं. नकारच तो, साखरेत घोळवलेला.

त्या दवाखान्यात, बाहेर बसायच्या खोलीच्या खिडकीत, एक निवडुंग होता. फुटबॉलसारखा गोल, अंगावर उभ्या कडा आणि कडांवर पिवळे काटे. कितीही लवकर या, तो आधीच येऊन बसलेला. म्हणून पेशंट लोकांनी त्याचं नाव 'पहिला नंबर' ठेवलं. "काय हो, याला अजून आत घेतलं नाही?" हा विनोद तिनं छत्तीस वर्षं ऐकला आणि दर वेळी हसली. ती म्हणते, दाढ दुखत असताना माणूस विनोद करतोय, तर तो वाया जाऊ देऊ नये.

पहिला नंबर राहायचा एका स्टीलच्या ड्रममध्ये. कापूस आणि पट्ट्या वाफेवर निर्जंतुक करायचा हा गोल डबा. वाफ आत शिरावी म्हणून त्याला अंगाला आणि तळाला भोकं असतात. झाकण हरवलं म्हणून डॉक्टरांनी त्यात रोप लावलं. बाई पंधरवड्यातून एकदा फुलपात्रभर पाणी घालायची. झाड वाढत राहिलं. का वाढतंय, याचा विचार कुणी केला नाही. जे बरं चाललंय त्याचं कारण कोण शोधत बसतं?

मग दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांचा उजवा हात थरथरायला लागला. त्यांनी महिनाभर लपवलं. लपवलं म्हणजे पेशंटांपासून. बाईपासून काय लपणार, तिची पाण्याची धार त्या हातापासून बोटभर अंतरावर असायची. एके दिवशी संध्याकाळी ते म्हणाले, "बाई, बस झालं." ती म्हणाली, "हो." तेवढ्यावर दवाखाना बंद झाला.

सामान वाटून टाकताना डॉक्टरांनी विचारलं, तुम्हाला काय हवं? तिनं टेबलावरचा छोटा मायक्रोमोटर मागितला. विजेवर चालणारं, हातात पेनासारखं धरायचं ड्रिल. शिवाय ड्रिलला बसवायच्या, हिऱ्याची भुकटी लावलेल्या वापरलेल्या टोकांची एक डबी आणि दातांचे साचे घ्यायचं प्लास्टर, अर्धं पोतं.

"याचं काय करणार?" डॉक्टर म्हणाले.

"बघेन."

पहिला नंबर डॉक्टरांबरोबर त्यांच्या मुलीकडे राहायला गेला.

ही मुलगी शाळेत भूगोल शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी मातीची भांडी करते. घरात छोटी विजेची भट्टी आहे. भट्टीतून न तडकता बाहेर आलेली तिची पहिली मोठी कुंडी तिनं वडिलांच्या झाडाला दिली. पसरट, जड, आतून-बाहेरून निळ्या काचेसारखी चकचकीत. स्टीलचा ड्रम भंगारात गेला. सगळं मायेपोटी झालं. माझ्या अकरा झाडांच्या बाबतीतही असंच म्हणता येईल.

चार महिन्यांनी बाई त्यांना भेटायला गेली. डॉक्टर इस्त्रीचा शर्ट घालून साडेनऊला खिडकीशी खुर्ची टाकून बसलेले. मुलगी हसत म्हणाली, "रोज असेच बसतात, मावशी. त्याच्याशी बोलतात. 'बस जरा, बोलावतो' म्हणतात." बाईचं लक्ष झाडाकडे होतं. ते एका अंगाला कललं होतं आणि बुडाशी चहाच्या डागासारखा रंग चढला होता. तिनं काट्यांमधून अंगठा घालून दाबलं. अंगठा आत गेला.

"ताई, हे बुडातून सडलंय."

"असं कसं? मी पाणी मोजून घालते. आणि तळाला दोन बोटं खडी आहे पाणी निथळायला."

"निथळून जातं कुठे?"

"खाली. खडीत."

"आणि खडीतून?"

मुलीनं वाकून कुंडीच्या बुडाशी बघितलं. बाई म्हणाली, "तळघरात राहायला जातं. बाहेर पडायला दारच नाही."

"म्हणजे माझ्या कुंडीची चूक."

"कुंडीची नाही. भोकाची. ते तिथे नाही."

बाईचं हे असं आहे. खोटं बोलत नाही, पण खरं बोलताना पायाखाली कोण येतंय तेही बघत नाही. मुलीचे डोळे भरून आले. डॉक्टर दोघींकडे न बघता झाडाकडे बघत म्हणाले, "बाई, वाचेल ना? शेवटचा पेशंट आहे माझा."

"दाढ असती तर काढून मोकळी झाले असते," बाई म्हणाली. "हा ठेवायचाय. मी घेऊन जाते. बरा करून इथेच, याच खिडकीत आणून ठेवीन."

असा शब्द देऊन ती निघाली. बादलीत निवडुंग, बादलीवर टॉवेल, बसमध्ये मांडीवर. शेजारच्या प्रवाशानं विचारलं आत काय आहे, तर म्हणाली, पेशंट आहे, धक्का लावू नका.

घरी तिच्याकडे उजेड कमी, म्हणून शस्त्रक्रिया माझ्या जेवणाच्या टेबलावर झाली. तिनं माझी सगळ्यात चांगली सुरी घेतली, स्पिरिटनं पुसली आणि बुडापासून एकेक चकती कापत वर निघाली. पहिली चकती तपकिरी चिखल. दुसरीत तपकिरी कडं. तिसरीत मध्ये एक ठिपका.

"पुरे की आता, ठिपकाच तर आहे," मी म्हटलं.

"प्रोफेसरबाई, कीड ठेवून वर चांदी भरली तर काय होतं?"

चौथी चकतीही कापली. आत स्वच्छ, काकडीसारखं हिरवट पांढरं. मुळं संपली होती, बुडही संपलं होतं. उरला होता एक मुंडकं वाटावा असा गोळा. अंगावर लहान लहान सहा पिल्लं फुटली होती तीही तिनं अलगद काढून ठेवली. मग गोळा एका उपड्या पातेलीवर ठेवला, कापलेली बाजू हवेला मोकळी.

"पाणी कधी?"

"जखम भरल्यावर."

"म्हणजे कधी?"

"भरल्यावर."

तीन आठवडे तो माझ्या टेबलावर पातेलीवर बसून होता आणि मी एका कोपऱ्यात ताट घेऊन जेवत होते. दोनदा मी पाण्याचा पेला हातात घेतला आणि परत ठेवला.

या तीन आठवड्यांत तिनं एक चूक केली. सरळ नर्सरीत जाऊन मातीची कुंडी आणली असती तर ही चूक झाली नसती. पण छत्तीस वर्षं दातांचे साचे घेतलेल्या बाईला ती होणारच होती. तिच्या डोक्यात आलं, मातीची कुंडी पाणी पिते म्हणून चांगली, तर प्लास्टरही पाणी पितंच की. अर्धं पोतं घरात पडलंय. प्लास्टर कालवायच्या रबरी वाडग्यांतच तिनं सहा कुंड्या ओतल्या, आणि तळाला भोकं ठेवायला विसरली नाही. पांढऱ्याशुभ्र, गुळगुळीत, एकसारख्या. पहिल्या नंबरचं मोठं काम करण्याआधी सहा पिल्लांवर प्रयोग करायचा, असा बेत होता. मला विचारलं. मी एक कुंडी हातात घेतली, वजन बघितलं आणि म्हटलं, "सच्छिद्र आहे, शोषून घेईल, उत्तम." रसायनशास्त्राची पदवी मिळवून आणि एकतीस वर्षं तेच शिकवून दिलेलं मत आहे हे.

पिल्लांच्या जखमा लहान, आठवड्यात सुकल्या. पाच पिल्लं प्लास्टरच्या कुंड्यांत लागली. सहावी कुंडी साच्यातून काढताना तुटली, म्हणून सहावं पिल्लू तिनं माझ्या बाल्कनीतल्या फुटक्या मातीच्या कुंडीच्या बुडख्यात रोवून दिलं. तात्पुरतं. सगळ्यांना थोडंसं पाणी दिलं.

प्लास्टर पाणी पितं हे खरं. पण प्यायलेलं सोडायला ते माझ्या थोरल्या जावेसारखं आहे. एकदा आत गेलं की गेलं. बारा दिवसांनी कुंड्या हाताला अजून ओल्या लागत होत्या, बाहेरून करडी बुरशी धरली होती आणि आतली बाजू नखानं खरवडली तर खडूसारखी निघत होती. एकेक करत पाचही पिल्लं काळी पडली. बुडख्यातलं सहावं तेवढं टुणटुणीत. त्या बुडख्याला दोन बोटं उंचीची कड होती, मधोमध भोक होतं, आणि दुसऱ्याच दिवशी माती कोरडी व्हायची.

तिनं पाच कुंड्या ओळीनं मांडल्या आणि बघत बसली. मी म्हटलं, "चूक माझीही आहे."

"तुमची नाहीच," ती म्हणाली. "तुम्हाला कुंडीतलं काय कळतं?"

मला राग यायला हवा होता. आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई दातांची जाडी मोजायचा चिमट्यासारखा कॅलिपर घेऊन माझ्या दारात उभी. "चला."

"कुठे?"

"कुंडी बघायला. आता नीट बघायची."

नीट म्हणजे काय ते मला नर्सरीत कळलं. आधी तिनं दोऱ्याला गाठ मारून पहिल्या नंबरच्या कमरेची रुंदी मोजली होती. कुंडी त्यापेक्षा सगळीकडून एक-एक बोट मोठी हवी, जास्त नको. नर्सरीवाला तरुण, बोलण्यात गोड. त्यानं घमेल्याएवढी कुंडी पुढे केली.

"ही घ्या मावशी, मोठी. वाढेल ना झाड."

"तुझ्या मुलाला तू आज कितीचे बूट घेतोस? लग्नात घालायचे?"

"बुटाचं वेगळं..."

"काही वेगळं नाही. जेवढी जास्त माती तेवढं जास्त पाणी धरून ठेवणार, आणि मुळं असणार इतकीशी. उरलेल्या ओलीत सडणार."

मग ती प्रत्येक कुंडी उचलून तळ बघत चालली. प्लास्टिकच्या कुंड्यांना भोकं होती पण हलक्या; वरचा गोळा जड, वाऱ्यानं कलंडेल. पत्र्याच्या उन्हात तापतील. मातीच्या चांगल्या, पण सगळ्या खोल, बादलीसारख्या. या गोळ्याची मुळं पसरतात, खाली जात नाहीत; खालची अर्धी माती नुसती ओली राहणार. एका कुंडीला तिनं जीभ लावली. नर्सरीवाला बघतच राहिला.

"जीभ चिकटली तर माती श्वास घेते," तिनं त्याला सांगितलं. "याच्यावर तू बाहेरून रंग मारलायस. चिकटत नाही."

"मावशी, गिऱ्हाईक कुंडी चाटून बघत नाही हो."

"म्हणून तर झाडं मरतात आणि तुझा धंदा चालतो."

तो मोकळेपणानं हसला. पण आम्ही तिथून रिकाम्या हातानं निघालो, आणि आणखी तीन ठिकाणांहूनही. पसरट, जड, कमरेला बोटभर सैल, भोक असलेली अशी एक कुंडी अख्ख्या शहरात नव्हती. बसमध्ये ती दोऱ्याची गाठ बोटावर गुंडाळत सोडत होती. एकदम थांबली.

"रुंदी बारा बोटं आणि दोन, चौदा. उंची पाच. वजन भरपूर." माझ्याकडे वळली. "प्रोफेसरबाई, ही तर निळी कुंडी झाली."

"कोणती निळी?"

"ताईंची! मापाला तंतोतंत तीच आहे. पोरीनं केली होती बरोबर. आतून-बाहेरून काच आहे, श्वास घेणार नाही, म्हणून पाणी आणखी कमी लागेल आणि मातीत वाळू-खडी जास्त. निभेल. फक्त भोक पाहिजे."

म्हणजे जिला रडवलं तिच्याचकडे जाऊन, जी तिनं जिवापाड जपली ती वस्तू फोडायची परवानगी मागायची. मी असते तर प्लास्टिकची कुंडी घेऊन तळाला विटा ठेवल्या असत्या. बाई तिथल्या तिथे पुढच्या थांब्यावर उतरली आणि उलटी बस पकडली. मी तिच्यामागे.

मुलीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मावशी, काचेसारखी भाजलेली आहे ती. ड्रिल लावलं की तडकणार."

"तडकू शकते."

"तुम्ही कधी ड्रिल धरलंय?"

"नाही."

खुर्चीतल्या डॉक्टरांनी मान वळवली. शेवटी मुलगी म्हणाली, "आधी दुसऱ्या कशावर तरी करून दाखवा. मग बघू." आणि कुंडी तिनं शेल्फावर परत ठेवली, जरा आतल्या बाजूला.

दुसरं काहीतरी म्हणजे माझे मग. माझ्याकडे सहा होते, निवृत्त होताना विद्यार्थ्यांनी दिलेले, चकचकीत. मी म्हटलं घे, एवीतेवी मी एकटीच चहा पिते. पहिला मग तडकून दोन तुकडे झाला. तिनं जोर लावला होता. "दात आतून मऊ असतो," ती तुकडे बघत म्हणाली. "हे आतूनही कडकच." दुसरा तडकला कारण थांबली नाही आणि तो तापला. तिसरा तडकला कारण पाणी मी सोडत होते.

"टोकावर, प्रोफेसरबाई! टोकावर! माझ्या मनगटाला तहान नाही लागलेली."

"मग तूच सोड!"

"दोन हात आहेत मला. एकात ड्रिल, दुसऱ्यात मग."

चौथ्याचा टवका उडाला. पाचव्याला तिनं तळावर चिकटपट्टी लावली म्हणजे टोक घसरणार नाही, आणि एकच मोठं भोक पाडायचा नाद सोडून नाण्याएवढ्या गोलात बारीक बारीक भोकं पाडली. मग मधली चकती हळूच टोकरून काढली. मोटर कण्हत होती, पांढरं पाणी ओघळत होतं, आणि मग ते भोकातून खाली गेलं. तिनं तो मग डोळ्याला लावून भोकातून माझ्याकडे बघितलं. सहावा मग आम्ही दोघींनी एकमेकींवर एकदाही न ओरडता केला. त्यात आता ते सहावं पिल्लू आहे.

पाचवा मग घेऊन ती मुलीकडे गेली. मुलीनं भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं, खूप वेळ फिरवलं. ती स्वतः हातानं काम करणारी आहे. खोटी स्तुती तिला जमत नाही. "फुटली तर?" तिनं विचारलं.

"फुटली तर मी फोडली. तसं मी कुणालाही सांगेन. आणि त्याच्यासाठी दुसरी शोधत फिरेन."

मुलीनं कुंडी काढून दिली.

ओट्यावर टॉवेल पसरला, त्यावर परात, परातीत निळी कुंडी उपडी. मोटरचा डबा पाण्यापासून लांब खिडकीत ठेवला. बाईनं चष्मा चढवला, चिकटपट्टी लावली, टोक बसवलं. मी पाण्याची पिचकारी उचलली. ती म्हणाली, "तुम्ही नको."

"मग कोण?"

डॉक्टर खुर्चीतून उठले होते. हळूहळू ओट्यापाशी आले. माझ्या हातातून पिचकारी घेतली. त्यांचा हात थरथरत होता, आणि पिचकारीच्या टोकाशी लोंबणारा पाण्याचा थेंबही थरथरत होता.

"बाबा, तुम्ही बसा," मुलगी म्हणाली.

"पाणी थरथरलं तरी ओलंच करतं," बाई म्हणाली. "डॉक्टर, इथे. मी म्हणेन तेव्हा."

"हं."

"सोडा."

त्यांची धार कधी टोकाच्या अलीकडे, कधी पलीकडे पडत होती, पण पडत होती. थेंबभरही खंड पडला नाही. छत्तीस वर्षं त्यांनी ती दुसऱ्या बाजूनं बघितली होती, कुठे पडायला हवी ते त्यांना ठाऊक होतं. बाई जरा जरा टेकवत होती आणि उचलत होती, टेकवत होती आणि उचलत होती. पहिलं भोक. दुसरं. तिसऱ्याला आवाज बदलला. मुलीनं माझा दंड धरला. बाईनं मोटर बंद केली.

"का थांबलात?" डॉक्टर.

"तापलं. तुमचं पाणी पलीकडे गेलं होतं."

"नाही गेलं."

"गेलं होतं. तुम्हीच म्हणायचात, बोलत असताना ड्रिल चालवायचं नाही. जरा गार होऊ दे."

दोन मिनिटं आम्ही चौघं एका उपड्या कुंडीकडे बघत उभे होतो. मग बाई म्हणाली, "सोडा."

अकरा भोकं पाडायला पाऊण तास लागला. मधली चकती निघाली ती परातीत पडल्याचा टण्ण आवाज झाला, आणि मला वाटलं कुंडीच गेली. बाईनं कुंडी सरळ केली, आतून बोट फिरवलं, खिडकीच्या उजेडात धरली. एकही तडा नव्हता. तिनं ती नळाखाली धरली. पाणी आत गेलं आणि खालून सरळ मोरीत गेलं.

डॉक्टर म्हणाले, "चूळ भरली."

मुलगी आधी हसली आणि मग रडली. या खेपेला बाईनं तिला जवळ घेतलं, हात ओले होते तरी.

पहिल्या नंबरची जखम तोवर वाळून टणक झाली होती; दुसऱ्या दिवशी बाई त्याला बादलीतून परत त्यांच्याकडे घेऊन आली. वाळू, बारीक खडी आणि थोडी माती असं कोरडं मिश्रण भरून बाईनं त्याला निळ्या कुंडीत टेकवला, पुरला नाही. तीन बाजूंनी दगड लावले. मुलीला बजावलं, तीन आठवडे पाण्याचा थेंब नाही, मग चमचाभर, आणि खाली बशी ठेवलीत तर बशीतलं पाणी लगेच ओतायचं. डॉक्टरांना बजावलं, बोला हवं तेवढं, पण हलवून बघायचं नाही.

दोन महिने ती दर गुरुवारी जाऊन यायची आणि मला एवढंच सांगायची, "आहे." कसा आहे विचारलं तर म्हणे, "आहे." तिसऱ्या महिन्यात मला बरोबर घेऊन गेली. डॉक्टर साडेनऊलाच इस्त्रीचा शर्ट घालून बसलेले. बाईनं स्वयंपाकघरातून लाकडी चमचा आणला, दगड काढले आणि चमच्यानं निवडुंगाला एका बाजूनं ढकललं. आधी अलगद, मग जरा जोरानं.

हलला नाही.

दुसऱ्या बाजूनं ढकललं. कुंडी टेबलावर तसूभर सरकली, पण झाड कुंडीत घट्ट. मुळं धरली होती.

"बघा तुम्ही," तिनं चमचा डॉक्टरांच्या हातात दिला. त्यांनी ढकललं. त्यांचा हात थरथरत होता म्हणून चमचा काट्यांवर टकटक वाजला, जसं कुणी दार वाजवावं. झाड जागचं हललं नाही.

तेवढ्यात मुलगी आतून एक फळी घेऊन आली. फळीवर कच्च्या मातीचे पाच पसरट वाडगे, अजून ओले, भट्टीत जायचे होते.

"मावशी, यांना किती मोठी भोकं?"

बाईनं चष्मा चढवला. "तुमच्या करंगळीएवढी. आताच पाडा, बोटानं. भाजल्यावर मला बोलवायला लागेल."

मुलीनं पहिल्या वाडग्यात करंगळी घातली. बाई दुसऱ्याकडे वळली आणि मला म्हणाली, "तुम्ही नुसत्या उभ्या काय? तीन उरलेत, हात धुऊन या."